हे कशावरून?

"स्थलांतरित मजुरांचा निवडणुकीवरचा विश्वास उडत चालला आहे." सामाजिक शास्त्रांतल्या प्रबंधांत अशी वाक्यं पानापानावर भेटतात. वाचताना ती पटतात, आणि त्यामुळेच लिहिणाऱ्याचं त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. पण परीक्षकाने एवढंच विचारावं, हे कशावरून? मग शब्दाशब्दाला पुरावा द्यावा लागतो. कोणते मजूर? हंगामापुरते घराबाहेर पडणारे, की दहा वर्षांपूर्वी शहरात येऊन राहिलेले? विश्वास आहे की नाही, हे कशावरून ठरवलं? आणि 'उडत चालला' म्हणायचं तर तो आधी किती होता हेही ठाऊक हवं, म्हणजे दोन वेगवेगळ्या काळांतली माहिती हवी. एकदाच घेतलेल्या वीस मुलाखतींच्या जोरावर हे वाक्य लिहिता येत नाही. त्या मुलाखती कितीही उत्तम असल्या तरी येत नाही.

पदव्युत्तर संशोधनाची उमेदवारी ही प्रामुख्याने या प्रश्नाची सवय लावून घेण्याची उमेदवारी आहे, असं मला वाटतं. सिद्धांत वाचून कळतात, संख्याशास्त्र वर्गात शिकवलं जातं. पण मुलाखतीतल्या एका उद्गारापासून प्रबंधातल्या एका विधानापर्यंतची वाट कुणालाही उलटी चालून बघता येईल अशी राखणं, हे सहसा कुणी शिकवत नाही. आणि बहुतेक प्रबंध तिथेच ढासळतात.

सुरुवात विषयापासून होते, पण विषयावर संशोधन करता येत नाही, ते प्रश्नावर करावं लागतं. 'स्थलांतर आणि मतदान' हा विषय झाला. 'कामासाठी घरापासून दूर राहणारे मजूर मतदानासाठी कधी परततात आणि कधी परतत नाहीत?' हा प्रश्न झाला. या प्रश्नाचं उत्तर चुकू शकतं, आणि तीच त्याची ताकद आहे. कुणीतरी प्रवासखर्च दिला म्हणून परततात, घरची निवडणूक अटीतटीची असली की परततात, यादीतून नाव कटेल या भीतीने परततात, घरी एरवीही एखादं काम निघालेलं असतं म्हणून परततात. ही चार उत्तरं एकमेकांशी भांडू शकतात आणि प्रत्येकाच्या बाजूने वा विरुद्ध पुरावा कसा दिसेल हे आधी कागदावर मांडता येतं. ते मांडता येत नसेल, तर प्रश्न अजून पिकलेला नाही. अशा वेळी बाहेर पडण्याची घाई करू नये.

प्रश्नातलं 'परतत नाहीत' हे दोन शब्द फार मोलाचे आहेत. मतदानाच्या दिवशी घरी आलेल्या मजुरांना गाठणं सोपं असतं. ते भेटतात, बोलतात, वही भरते. त्यातल्या वीसपैकी अठरा जण म्हणतात की एका स्थानिक पुढाऱ्याने गाडीची सोय केली होती, आणि संशोधकाला उत्तर सापडल्यासारखं वाटतं. पण जे आलेच नाहीत त्यांच्यासाठीही गाडी उभी होती का? असेल, तर गाडीने काहीच सिद्ध होत नाही. ज्या घटनेचं कारण शोधायचं, ती घडलेलीच प्रकरणं निवडण्याचा हा दोष राज्यशास्त्रात नवा नाही. बार्बरा गेडिस यांनी 1990 साली तो सविस्तर दाखवून दिला, तरी तो होतच राहतो, कारण न घडलेल्या गोष्टीकडे पाहायला वेगळे कष्ट पडतात. इथे ते कष्ट म्हणजे मतदानाच्या दिवशीही कामाच्या ठिकाणी थांबलेल्या मजुरांना शोधणं. शक्य तर एकाच घरातले दोघे भाऊ घ्यावेत, एक गेलेला आणि एक न गेलेला. बाकी बरंचसं सारखं असताना फरक कुठे पडला, हे अशा जोडीत जितकं स्पष्ट दिसतं तितकं पन्नास सुट्या मुलाखतींत दिसत नाही.

दुसरा सापळा पातळीचा. निवडणुकीची आकडेवारी मतदारसंघाची मिळते, माणसाची मिळत नाही. ज्या भागातून जास्त लोक बाहेर जातात तिथे मतदान कमी, असा आलेख निघाला की 'स्थलांतरित मतदान करत नाहीत' असं लिहायचा मोह होतो. कदाचित बाहेरचे लोक आवर्जून येऊन मत देत असतील आणि मागे राहिलेल्या वृद्धांनाच केंद्रापर्यंत जाणं जमत नसेल. विल्यम रॉबिन्सन यांनी 1950 साली अमेरिकेच्या 1930 च्या जनगणनेवरून हे फार सुंदर दाखवलं. 48 राज्यांची तुलना केली, तर परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जिथे जास्त तिथे निरक्षरता कमी निघत होती. सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती बरोबरीने वाढतात-घटतात हे उणे 1 ते अधिक 1 या पट्टीवर सांगणारा आकडा, उणे 0.53 होता. तीच माहिती माणसामाणसाच्या पातळीवर पाहिली, तर चिन्हच उलटलं, अधिक 0.12. परदेशातून आलेले लोक थोडे जास्तच निरक्षर होते. फक्त ते ज्या राज्यांत जाऊन राहिले तिथले मूळचे लोक अधिक शिकलेले होते. दावा माणसांबद्दल असेल तर पुरावाही माणसांचाच हवा. तो मिळत नसेल तर दावा मतदारसंघाबद्दल करावा. त्यात काही कमीपणा नाही.

सर्वेक्षण करणाऱ्यांसाठी एक हिशेब. साध्या यादृच्छिक निवडीने घेतलेल्या 400 जणांच्या नमुन्यात टक्केवारीची चूक सुमारे 5 टक्के इकडेतिकडे धरावी लागते, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्या 400 मध्ये स्थलांतरित 40 च असतील, तर त्यांच्याबद्दलच्या टक्केवारीत ही चूक साडेपंधरा टक्क्यांवर जाते. प्रबंधाचा खरा प्रश्न त्या 40 जणांबद्दलचाच असेल तर नमुना 400 चा नसून 40 चा आहे, आणि हे प्रश्नावली छापण्याआधी लक्षात यायला हवं.

आता मुलाखत. मतदानाबद्दल माणसं खोटं बोलतात असं म्हणणं कठोर होईल, पण न केलेलं मतदान केलं म्हणून सांगणं हा जगभर नोंदलेला प्रकार आहे. मतदान हे चांगल्या नागरिकाचं लक्षण मानलं जातं, मग 'नाही केलं' असं परक्या माणसाला कोण सांगेल? म्हणून अमेरिकेतल्या राष्ट्रीय निवडणूक अभ्यासात प्रश्न विचारण्याआधीच सांगितलं जाई की आजारपण, वेळ नसणं, नोंदणी नसणं अशा कारणांनी अनेकांना मत देता येत नाही. नकाराला आधीच जागा करून दिलेली असते. मुलाखतीत याहूनही चांगली वाट आहे. मतदानाबद्दल विचारूच नये, त्या दिवसाबद्दल विचारावं. मागच्या मतदानाच्या दिवशी तुम्ही कुठे होता? सकाळी काय केलं? प्रवास कशाने केला, पैसे कुणी दिले, रात्री कुठे झोपलात, परत कामावर कधी हजर झालात? तपशील असला की तो सांगताना माणूस अडखळत नाही. तपशील नसला की तेही कळतं, आणि समोरच्याला खोटं पाडण्याची वेळ येत नाही.

याच कारणासाठी 'का' हा शब्द जपून वापरावा. 'तुम्ही का गेला नाहीत?' यात आरोपाचा सूर आहे, आणि उत्तर म्हणून समर्थन मिळतं. 'न जाण्याचं कसं ठरलं?' असं विचारलं की गोष्ट मिळते: मुकादमाने काय सांगितलं, बायकोचं म्हणणं काय होतं, तिकीट बघितलं होतं का. त्या गोष्टीतून कारण काढणं हे संशोधकाचं काम आहे. ते उत्तर देणाऱ्यावर ढकलू नये.

मुलाखतीच्या आराखड्यात आठ ते बारा मुख्य प्रश्न पुरतात. वीस झाले की ती प्रश्नावली होते आणि माणूस एका वाक्यात उत्तरं देऊ लागतो. नाजूक प्रश्न दोन-तृतीयांश वाट सरल्यावर यावेत, अगदी शेवटी नकोत, नाहीतर माणूस त्याच अस्वस्थतेत उठतो. पहिल्या दोन-तीन मुलाखती सरावाच्या समजाव्यात. त्यांतून कळतं की कोणता प्रश्न लोकांना कळतच नाही. 'राजकीय सहभाग' असले शब्द प्रबंधात राहू द्यावेत, तोंडी आणू नयेत. आणि उत्तर संपलं असं वाटल्यावर चार-पाच सेकंद थांबावं. नवख्या संशोधकाला ती शांतता सहन होत नाही, तो पुढचा प्रश्न टाकतो. पण उत्तराचा महत्त्वाचा भाग पुष्कळदा त्या थांब्यानंतर येतो.

किती मुलाखती घ्याव्यात, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या 60 मुलाखतींवर झालेल्या 2006 च्या एका अभ्यासात पहिल्या 12 मुलाखतींतच जवळजवळ सगळे मुद्दे येऊन गेले होते, आणि तेव्हापासून 12 हा आकडा मंत्रासारखा उद्धृत होतो. पण त्या स्त्रिया बऱ्याच सारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि सगळ्यांना तेच प्रश्न विचारले होते. परतलेले आणि न परतलेले, स्त्रिया आणि पुरुष, हंगामी आणि कायमचे, असे गट पडले की प्रत्येक गटाचा हिशेब वेगळा करावा लागतो.

संमतीबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. संमतीपत्रावर 'तुमची ओळख पूर्णपणे गुप्त राहील' असं लिहिणं सोपं आहे. ते पाळण्याची ताकद आपल्यात आहे का, हे आधी तपासावं. उत्तर आयर्लंडच्या संघर्षातल्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती 2001 ते 2006 दरम्यान अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजच्या प्रकल्पासाठी ध्वनिमुद्रित झाल्या. बोलणाऱ्यांना सांगितलं होतं की ते जिवंत असेपर्यंत काही बाहेर येणार नाही. 2011 मध्ये ब्रिटिश तपास यंत्रणेसाठी अमेरिकी न्यायालयामार्फत त्या टेप मागवण्यात आल्या आणि पुढे काही द्याव्याही लागल्या. संशोधकाचा शब्द न्यायालयापुढे टिकत नाही. म्हणून मजुराला सांगताना 'माझ्या लेखनात तुमचं नाव येणार नाही, रेकॉर्डिंग मी, माझे मार्गदर्शक आणि ते लिहून काढणारे सोडून मी स्वतःहून कुणाला ऐकवणार नाही, आणि अमुक तारखेनंतर ते पुसलं जाईल' असं, जे आपल्या हातात आहे तेवढंच सांगावं. आणि ज्या गोष्टीने त्याच्यावर कारवाई होऊ शकते, उदाहरणार्थ पैसे घेऊन मत देणं, त्याबद्दल नावगाव बोलू नका असं मुलाखत सुरू होण्याआधीच बजावावं.

नाव बदललं की ओळख लपली, हा गैरसमजही फार पसरलेला आहे. 'त्या वस्तीतली एकमेव पदवीधर स्त्री, वय 42, संघटनेची माजी सचिव' असं लिहिलं तर नाव काहीही ठेवा, वस्तीतला प्रत्येक जण तिला ओळखेल. आणि तिच्या बोलण्याने दुखावले जाणारे लोक त्याच वस्तीत असतात. वय दशकात द्यावं, पद ढोबळ लिहावं. क्वचित एका व्यक्तीची विधानं दोन टोपणनावांत विभागावीत, आणि असं काही ठिकाणी केलं आहे हे पद्धतीच्या प्रकरणात सांगावं.

रेकॉर्डर बंद केल्यावर, दारात निरोप घेताना, माणसं सगळ्यात मोकळेपणाने बोलतात. ते वापरायचं का? तिथल्या तिथे विचारावं, 'हे मी लिहिलं तर चालेल का?' हो म्हटलं तर टिपण करावं, नाही म्हटलं तर सोडून द्यावं. कितीही मोलाचं असलं तरी सोडून द्यावं.

टिपणं त्याच रात्री. दुसऱ्या दिवशीच्या मुलाखतीने आदल्या दिवसाची पुसली जाते. टिपणात तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर पुढे फार उपयोग होतो: डोळ्यांनी काय पाहिलं, कानांनी शब्दशः काय ऐकलं, आणि मला काय वाटलं. 'तो घाबरलेला होता' हे तिसऱ्या सदरात जातं. 'मुकादम आल्यावर त्याने वाक्य अर्धं सोडलं' हे पहिल्या. सहा महिन्यांनी प्रकरण लिहिताना पहिलं सदर पुरावा म्हणून कामी येतं. तिसरं सदर फक्त कुठे शोधायचं ते सांगतं.

आणि प्रती. म्हैसूरजवळच्या एका गावात 1948 मध्ये केलेल्या क्षेत्रकार्यावर समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी पुढे अठराएक वर्षं संस्कार करून टिपणं तयार केली होती. 1970 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या अभ्यासकेंद्रात कुणीतरी लावलेल्या आगीत त्या टिपणांच्या तिन्ही प्रती गेल्या. प्रती तीन होत्या, जागा एक होती. त्यांनी नंतर स्मरणातून पुस्तक लिहिलं हे त्यांचं मोठेपण. आपण त्या भरवशावर राहू नये. एक प्रत लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक तिसऱ्याच ठिकाणी, आणि तिन्ही पासवर्डखाली. खरी नावं आणि टोपणनावं यांची जुळणी सांगणारी यादी या तिन्हींपासून वेगळी.

शब्दांकनाला, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून शब्दशः लिहून काढायला, किती वेळ लागेल याचा अंदाज जवळजवळ सगळ्यांचा चुकतो. एका तासाच्या रेकॉर्डिंगला चार ते सहा तास लागतात, गोंगाट असेल तर आणखी. पंचवीस तासांचं रेकॉर्डिंग म्हणजे शंभर ते दीडशे तास, म्हणजे महिनाभराचं काम. यंत्राकडून पहिला खर्डा करून घेता येतो, पण बोलीभाषा, एकाच वेळी बोलणारे दोघे, गावांची आणि माणसांची नावं इथे यंत्र हमखास चुकतं, आणि चुकलेलं वाक्यही व्याकरणशुद्ध दिसतं, हा धोका मोठा. शिवाय रेकॉर्डिंग कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर चढवणं संमतीपत्रात बसतं का, तेही बघावं. सगळं स्वतः करणं शक्य नसेल तर निदान पहिल्या पाच मुलाखतींचं शब्दांकन स्वतः करावं. आपण कुठे माणसाला मधेच तोडलं, कुठे उत्तर सुचवलं, हे ऐकताना फार स्पष्ट कळतं, आणि उरलेल्या मुलाखती सुधारतात. बोली शुद्ध करू नये. प्रबंध दुसऱ्या भाषेत लिहायचा असेल तरी कोडिंग मूळ भाषेतल्या मजकुरावर करावं, अनुवाद फक्त उद्धृत करायच्या वाक्यांचा.

कोडिंग म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना नावं देणं, एवढंच. पहिल्या तीन-चार मुलाखतींत ओळीओळीने नावं दिली की साठ-सत्तर कोड सहज होतात. त्यांतले जुळणारे एकत्र करत पंधरा-वीसवर यायचं. इथे नेमकं बिघडतं ते असं: 'दबाव' हा कोड पहिल्या आठवड्यात मुकादमाच्या धमकीसाठी वापरलेला असतो आणि चौथ्या आठवड्यात आईच्या आग्रहालाही तोच चिकटवला जातो. नाव तेच, अर्थ सरकलेला. म्हणून कोडबुक लागतं. प्रत्येक कोडची व्याख्या, तो कधी लावायचा, कधी लावायचा नाही, आणि एक नमुन्याचं वाक्य. व्याख्या बदलली की तारीख टाकायची आणि आधीच्या मुलाखती पुन्हा बघायच्या. कंटाळवाणं आहे, पण 'दबाव' या प्रकरणाचा सगळा भार यावरच असतो.

दुसऱ्या कुणाकडून काही मजकूर कोड करून घेऊन जुळणी तपासतात, तेव्हाही आकडा फसवतो. एखादा कोड दोघांनीही 90 टक्के तुकड्यांना लावला असेल, तर डोळे झाकून लावला तरी 82 टक्के जुळणी योगायोगाने होते. मग '85 टक्के जुळणी' म्हणून मिरवलेला आकडा योगायोगाच्या जेमतेम वर असतो. कोहेन यांचा 'कप्पा' (kappa) हा जुळणीचा निर्देशांक हाच योगायोग वजा करून काढतात; पूर्ण जुळणीला तो 1 असतो, निव्वळ योगायोगाला 0. इथे तो 0.17 च्या आसपास येतो, म्हणजे कोडची व्याख्या पुन्हा लिहायला हवी. सॉफ्टवेअर कोणतं वापरलं यावर विद्यार्थी फार वेळ घालवतात. वीस-पंचवीस मुलाखतींना साधी स्प्रेडशीटही चालते.

स्प्रेडशीटवरून आठवण द्यायलाच हवी अशी एक गोष्ट. देशाचं सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या 90 टक्क्यांपलीकडे गेलं की वाढीचा सरासरी दर उणे 0.1 टक्क्यावर येतो, असं अर्थतज्ज्ञ कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी 2010 मध्ये मांडलं, आणि काटकसरीच्या धोरणांच्या बाजूने ते जगभर वापरलं गेलं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने वर्गातला स्वाध्याय म्हणून ते आकडे पुन्हा काढायला घेतले. जुळेनात. लेखकांनी मागितल्यावर मूळ फाइल पाठवली. सरासरीचं सूत्र ओळ 49 ऐवजी 44 वर संपत होतं, पाच देश सुटले होते. प्रसिद्धी या चुकीला मिळाली, पण जास्त फरक दुसऱ्याच गोष्टींनी पडला होता. काही देशांची काही वर्षं गाळलेली होती, आणि प्रत्येक देशाला सारखाच भार दिलेला होता. त्यामुळे ब्रिटनची 19 वर्षं आणि न्यूझीलंडचं एकच मंदीचं वर्ष समान ठरत होतं. हर्न्डन यांनी मार्गदर्शकांबरोबर 2013 मध्ये दुरुस्त सरासरी प्रसिद्ध केली: अधिक 2.2 टक्के. मला यात दोन्ही बाजू महत्त्वाच्या वाटतात. विद्यार्थ्याने स्वतःच्या बेरजेवर विश्वास ठेवला, आणि फाइल मिळाली म्हणूनच सगळं उलगडलं. भार कसा द्यायचा हा निर्णय सूत्राइतकाच उघड लिहिला पाहिजे, हेही त्यातून दिसतं.

लिहिण्याची वेळ येते तेव्हा मुलाखतींतला एखादाच बोलका माणूस सगळी प्रकरणं बळकावतो. त्याची वाक्यं धारदार असतात, उद्धृत करायला हात शिवशिवतात. उपाय साधा आहे. मुलाखत क्रमांक एका बाजूला आणि प्रत्येकाची किती वाक्यं वापरली ते दुसऱ्या बाजूला, असा तक्ता करावा. चोविसांपैकी पाच जणच प्रबंधभर बोलत असतील, तर उरलेले एकोणीस काय म्हणत होते ते पुन्हा वाचावं. 'अनेकांनी', 'बहुतेकांनी' हे शब्द लिहिताना समासात आकडा लिहून ठेवावा. चोविसांतले सात म्हणजे 'अनेक' का? कदाचित असतील, पण वाचणाऱ्याला सात हा आकडा कळू द्यावा.

आणि न जुळणारं उदाहरण. सगळ्यांचा खर्च कुणीतरी दिला म्हणून ते परतले, आणि एकजण स्वतःच्या खिशातून, मजुरी बुडवून, दोन दिवसांचा प्रवास करून आला. त्याला तळटीपेत टाकू नये. यादीत नाव टिकवण्यासाठी आला असेल, तर हाच हेतू इतरांत खर्च मिळाल्यामुळे झाकला गेला होता का, हे विचारता येतं, आणि जुन्या मुलाखतींत ते पुन्हा शोधता येतं. प्रबंधातलं सर्वांत चांगलं प्रकरण अशा एका माणसापासून सुरू झाल्याचं पुष्कळदा दिसतं.

प्रबंध सादर झाला, पदवी मिळाली, तरी संमतीपत्रातली पुसण्याची तारीख अजून यायची असते. ती दिनदर्शिकेत पाच वर्षं पुढची असली तरी आजच लिहून ठेवावी. त्या दिवशी लॅपटॉप, हार्ड डिस्क, तिसरी जागा, फोनमधली विसरलेली प्रत आणि शब्दांकनासाठी ज्यांना दिली होती त्यांच्याकडची प्रत, असं सगळीकडून रेकॉर्डिंग काढून टाकावं आणि तशी नोंद मार्गदर्शकाकडे द्यावी.